सुपरमॅनचे यान आर्वीच्या शिवारात पडले असते तर

बरडातला वाचक

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली आणि पऱ्हाट्या उपटायला मजूर मिळेपर्यंत चार दिवस मोकळे सापडले, तेव्हा मुलीने पुण्याहून आणलेला कॉमिक्सचा गठ्ठा मी एकदाचा सोडला. त्यातले बहुतेक अंक एकाच प्रकारचे निघाले. ओळखीचा महानायक घ्यायचा, त्याचा काळ, मुलूख किंवा आईबाप बदलायचे आणि पुढे त्याचे काय होते ते पाहायचे. आमच्या पिढीला महानायक भेटला तो आठवडी बाजारातल्या रद्दीच्या ढिगात, इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या रूपाने. तो वेताळ ज्या डेंकालीच्या जंगलात राहत होता, त्या प्रदेशाचे मूळ इंग्रजी नाव बंगालशी जुळणारे होते आणि येथल्या आवृत्तीत ते बदलून घेतले होते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले. म्हणजे बदललेला नायक मी शाळकरी वयापासूनच वाचत होतो, फक्त तसे कोणी सांगितले नव्हते.

या प्रकाराचा इतिहास थोडक्यात असा. 1961 साली डीसी या प्रकाशनाच्या ‘फ्लॅश’ मासिकाच्या 123 व्या अंकात नव्या फ्लॅशची, म्हणजे बॅरी अ‍ॅलनची, गाठ 1940 च्या दशकातल्या जुन्या फ्लॅशशी, जे गॅरिकशी, घालून देण्यात आली. एकाच नावाचे दोन नायक कसे, या अडचणीवर लेखक गार्डनर फॉक्स यांनी तोडगा काढला की पृथ्व्याच दोन आहेत. पुढे त्या पृथ्व्यांची संख्या इतकी वाढली की 1985-86 मध्ये बारा अंकांची एक मालिका काढून त्या पुन्हा एकत्र कराव्या लागल्या. भाऊबंदकीत तुकडे पडलेल्या शेताचे एकत्रीकरण करावे तसाच तो प्रकार होता, आणि अशा एकत्रीकरणानंतर तुकडे पुन्हा पडतात तसे तेथेही पडले. डीसीच्या स्पर्धक मार्व्हल प्रकाशनाने 1977 पासून ‘व्हॉट इफ’ ही मालिका चालवली, तिच्या पहिल्याच अंकात स्पायडरमॅन ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या महानायकांच्या चौकडीत सामील झाला असता तर काय, हा प्रश्न होता. 1989 साली बॅटमॅनला एकोणिसाव्या शतकात नेऊन जॅक द रिपरच्या मागावर सोडणारे ‘गॉथम बाय गॅसलाइट’ आले आणि त्यातून डीसीची ‘एल्सवर्ल्ड्स’ ही परंपरा उभी राहिली.

गठ्ठा संपवल्यावर माझे जे मत झाले, ते येथे चर्चेसाठी ठेवतो. या प्रकारात जी पुस्तके टिकली, त्यांत लेखकाने एकच गोष्ट बदललेली असते आणि बाकी सगळे त्या बदलापाठोपाठ ओढले जाते. अ‍ॅलन डेव्हिस यांच्या ‘जेएलए: द नेल’ या 1998 च्या कथेत तो बदल म्हणजे केवळ एक खिळा आहे. मूळ कथेत सुपरमॅनला वाढवणाऱ्या, कॅन्ससमधल्या केंट या शेतकरी दांपत्याच्या ट्रकचे चाक त्या खिळ्याने पंक्चर होते, ते त्या दिवशी शेताच्या वाटेने जातच नाहीत, आणि आकाशातून आलेले मूल त्यांना सापडत नाही. मार्क मिलर यांच्या 2003 च्या ‘रेड सन’मध्ये यान काही तासांच्या फरकाने उतरते, तेवढ्या वेळात पृथ्वी फिरलेली असते, म्हणून ते कॅन्ससऐवजी युक्रेनच्या सामूहिक शेतावर पडते आणि सुपरमॅन स्टालिनच्या राज्यात वाढतो. मूल तेच, त्याचे बळ तेच आणि त्याचा चांगुलपणाही तोच, तरी त्याच चांगुलपणातून एक पाळतखोर राज्य उभे राहते. उलट नायकाला नुसता जुन्या काळचा अंगरखा चढवला आणि त्याची गोष्ट होती तशीच ठेवली, तर ते स्नेहसंमेलनातले वेशभूषेचे बक्षीस होते.

आता या धाग्याचे खरे कारण. माझे वडील 82 वर्षांचे आहेत. इंग्रजी त्यांना येत नाही, पण चित्रे ते बारकाईने पाहतात. सुपरमॅन कोण, कुठून आला, त्याला कोणी वाढवले, हे मी त्यांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, “शेतकऱ्याचं पोरगं ना हा? शहरात पेपरात नोकरी करते म्हन्तं. मंग वावर कोन पाह्यते?”

1938 पासून आजवर लिहिल्या गेलेल्या हजारो पानांत या प्रश्नाला सरळ उत्तर असेल असे मला वाटत नाही. ‘किंगडम कम’ या 1996 च्या मालिकेत म्हातारा झालेला सुपरमॅन जगावर रुसून शेतात राबताना दिसतो, म्हणून मी मोठ्या आशेने ते पान वडिलांपुढे धरले. पुढच्या पानांत कळते की ते शेत खरे नाही, त्याच्या गुप्त गढीत यंत्राने उभा केलेला तो आभास आहे. वडिलांनी पुस्तक मिटले.

तेव्हा प्रश्न असा ठेवतो: हे यान कॅन्ससऐवजी आमच्या आर्वी तालुक्यात, एखाद्या कोरडवाहू कपाशीच्या शेतात पडले असते, तर कथा कशी झाली असती? बदल एवढाच करायचा. बाकी जे बदलेल ते त्या एका बदलामुळेच बदलले पाहिजे.

लोणारचा पाहुणा

आकाशातून काही पडायचेच असेल तर त्यावर पहिला हक्क लोणारचा आहे. आमच्याकडे खड्डा तयार आहे, जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाचा, बेसाल्टच्या खडकात पडलेला. आर्वीला कशाला नेता?

बरडातला वाचक

पाहुणे, एवढा खड्डा पाडणारे यान आत मूल घेऊन सुखरूप उतरेल कसे? मला हलके उतरणारे यान पाहिजे, जास्तीत जास्त दोन तासे मोडतील इतके.

दर्यापूरचे मास्तर

धागा आवडला, पण ‘एकच गोष्ट बदलावी’ या कसोटीत एक अडचण आहे, ती आधी नोंदवतो. बदल मोजायचा तर मूळ स्थिर हवे आणि सुपरमॅनचे मूळ स्थिर नाही. जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी 1938 मध्ये ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात त्याला आणले, तेव्हा त्यात केंट दांपत्य नाही. वाटेने जाणाऱ्या एका मोटारवाल्याला यान दिसते आणि तो मूल अनाथाश्रमात देऊन टाकतो. केंट येतात ते 1939 मध्ये, आणि तेदेखील सापडलेले मूल आधी अनाथाश्रमात नेतात, मग परत येऊन दत्तक मागतात. त्या पहिल्या अंकातला सुपरमॅन उडतही नव्हता, लांब उड्या मारत होता. ज्याच्याशिवाय आज त्याची कथा पुढे सरकत नाही ते त्याला दुबळे करणारे खनिज, क्रिप्टोनाइट, 1943 साली रेडिओवरच्या मालिकेत आले आणि छापील कॉमिक्समध्ये 1949 मध्ये पोहोचले. ज्याला आपण मूळ म्हणतो ते असे दहा हातांनी लिंपलेले आहे.

दुसरे असे की त्या सुरुवातीच्या सुपरमॅनचे शत्रू परग्रहावरचे नव्हते. बायकोला मारणारा नवरा, लाचखाऊ राजकारणी, भाडेकरूंना खुराड्यात ठेवणारी व्यवस्था, अशांशी तो भांडत होता. तिसऱ्या अंकात तो एका कोळसा खाणीच्या मालकाला त्याच्या मेजवानीच्या पाहुण्यांसकट खाणीत उतरवतो आणि वर येण्याचा मार्ग बंद करतो, म्हणजे मजुरांच्या जिवाची किंमत त्यांना आतून कळावी. बल्लारपूर, माजरी, वणी या पट्ट्यात ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांना ही कथा परदेशी वाटणार नाही. मला तर वाटते की आजच्या त्याच्या मेट्रोपोलिस या शहरापेक्षा 1938 चा तो उग्र सुपरमॅन चंद्रपूर जिल्ह्यात अधिक शोभेल. नंतर लोकप्रियता वाढत गेली तशी त्याची धार बोथट होत गेली, ही माझी जुनी तक्रार आहे.

सेतूवाला

मी तालुक्याच्या ठिकाणी सेतू केंद्र चालवतो, त्यामुळे मला या कथेत पहिला दिसतो तो कागद. आजच्या काळात हे यान आर्वीत पडले तर कथा दुसऱ्या पानावर थांबेल. 2015 च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सापडलेले मूल 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. शेतकऱ्याने ते घरात ठेवून घेतले तर गुन्हा होतो, आणि ठेवून घेतले नाही तर सुपरमॅनचा केंट होत नाही. समजा, त्याने लपवले. पुढे शाळेत घालताना जन्मदाखला लागेल, मग आधार लागेल, दहावीनंतर जातीचा दाखला आणि त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदी लागतील. ज्याचा ग्रहच फुटला आहे त्याने पणजोबाची नोंद कुठून आणावी? कॅन्ससच्या केंटांना हा प्रश्न पडला नाही.

म्हणून माझी सूचना अशी की काळ मागे न्यावा. आमच्याकडे रोज कोणी ना कोणी कोतवाल बुकाची नक्कल काढायला येते, कारण जुन्या काळी गावातले जन्ममृत्यू कोतवालाच्या नोंदवहीत लिहिले जात आणि त्यात जातही लिहिली जात असे. त्या वहीत पुष्कळदा मुलाचे नाव नसते. बापाचे नाव, जात आणि मुलगा की मुलगी, एवढ्यावर काम भागे. आकाशातून आलेले मूल अशा वहीत सहज मावेल.

झाडीपट्टीकर

दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपट सुरू झाले की वडसा परिसरातल्या नाटक कंपन्या रात्रभर प्रयोग करतात, आणि ज्या गावात प्रयोग असेल त्या गावाची थट्टा त्या रात्रीच्या संवादात शिरते. त्यामुळे कथा जागेप्रमाणे बदलते यात मला नवल वाटत नाही. मला मूळ मांडणीच्या उलट सांगायचे आहे: वेशालाही किंमत असते. दंडार या आमच्या लोकनाट्यात मिशा लावलेला गडी लुगडे नेसून येतो तेव्हा गोष्ट तीच असते, पण हसू आणि दुखणे दोन्ही वेगळ्या ठिकाणी पडतात. ‘मार्व्हल 1602’ मध्ये नील गेमन यांनी सगळे नायक एलिझाबेथ राणीच्या काळात नेले. तो वेशपालट आहे असे कोणी म्हणेल, पण उत्परिवर्तित, म्हणजे जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन आलेल्या, माणसांना तेथे धर्मसत्ता चेटकी ठरवून जाळू पाहते, आणि त्यामुळे त्यांची जुनी व्यथा पहिल्यांदा खरी वाटते. वेश बदलल्यावर त्या वेशाचा जुलूमही सोबत आणावा, एवढेच पथ्य आहे.

आणि नायक-खलनायकाची अदलाबदल आपल्याला कोणी शिकवायला नको. अकोला जिल्ह्यातल्या सांगोळ्यात दसऱ्याला रावणाच्या दगडी मूर्तीची पूजा होते आणि आमच्या गडचिरोलीकडे गोंड गावांत रावणाला पूर्वज मानणारे लोक आहेत.

सरकी

मी अमरावतीला शिकते. येथे बहुतेक सगळे काका वयाचे दिसतात, म्हणून थोडे भीत लिहीत आहे.

भारतीय रूपांतराचा विषय असताना ‘स्पायडरमॅन: इंडिया’चे नाव अजून कोणी घेतले नाही. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी 2004 मध्ये चार अंकांची ही मालिका केली. मूळ स्पायडरमॅन असलेल्या पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर झाला, मेरी जेनची मीरा जैन, नॉर्मन ऑस्बॉर्नचा नलिन ओबेरॉय. पवित्र खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला येतो, शाळेत त्याच्या कपड्यांची टर उडवली जाते, आणि तो धोतर नेसून इमारतींवरून झेप घेतो. अक्षरांशी जुळवून केलेली ही नावे वाचताना मला हसू आले, हे कबूल करते. माझा खरा आक्षेप मात्र पुढचा आहे. पीटरला कोळी चावतो तो अपघाताने. तो निवडलेला नसतो, म्हणूनच मिळालेल्या बळाचे काय करायचे हे त्याला स्वतः ठरवावे लागते, आणि पहिल्या वेळी तो चुकीचे ठरवतो. पवित्रला शक्ती देतो एक योगी, ठरवून, राक्षसी शक्तीशी लढण्यासाठी. अपघाताच्या जागी नियती आली की पश्चात्तापाचा पायाच ढिला होतो. भारतीय म्हणजे योगी आणि राक्षस असलेच पाहिजेत, हे आपण स्वतःविषयी का मानून घ्यावे? खेड्यातून आलेल्या मुलाच्या कपड्यांना लोक हसतात, हा तेवढा भाग मात्र कोणत्याही योग्याशिवाय खरा आहे आणि कथेने नेमका तोच लवकर सोडून दिला. 2023 च्या ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मधला पवित्र मला जास्त आवडतो, कारण तो मजेत आहे आणि भारतीय असल्याचे ओझे घेऊन फिरत नाही.

काकांच्या ‘एकच बदल’ या कसोटीला माझा अर्धा पाठिंबा आहे. 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’मध्ये स्कॉट स्नायडर यांनी बरेच काही बदलले: ब्रूसची, म्हणजे बॅटमॅनची, आई जिवंत आहे, वडील शिक्षक होते, वाडा नाही, नोकरचाकर नाहीत. पण नीट पाहिले तर त्यांनी बॅटमॅनकडून पैसा काढून घेतला, आणि बाकीचे बदल त्या एका वजाबाकीतून आले आहेत. म्हणून मी म्हणेन की बदल मोजू नयेत, मुळे मोजावीत.

दर्यापूरचे मास्तर

सरकीताई, भिऊ नये. ‘मुळे मोजावीत’ हे मी वर्गात सांगितले असते तर मला फार अभिमान वाटला असता.

पुलगाव जंक्शन

सुपरमॅन आगगाडीपेक्षा वेगाने धावतो, ही बढाई पुलगाव–आर्वीच्या शकुंतला गाडीच्या मुलखात कोणी ऐकून घेणार नाही. त्या गाडीपेक्षा तर माणसे खाली उतरून, बोरे तोडून, परत डब्यात चढत असत.

बरडातला वाचक

पुलगावकरांची सूचना कथेत घेतली आहे. मुलगा लहान असताना गाडीशी शर्यत लावतो आणि जिंकतो, पण गावात कोणालाच त्यात विशेष वाटत नाही, त्यामुळे त्याचे बळ लपून राहते.

सेतूवाल्यांचे म्हणणे पटले. काळ मागे नेतो, आणि त्याला एक हिशेबही आहे. 1938 मध्ये सुपरमॅन जगापुढे आला तेव्हा तो तरुण होता. मग यान त्याआधी वीसेक वर्षे, 1918 च्या सुमारास पडले असे धरू. त्या वर्षी आपल्याकडे काय चालले होते, ते मास्तरांनी सांगावे.

दर्यापूरचे मास्तर

1918 हे वर्ष आपण निवडले आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या साली पाऊस दगा देऊन गेला आणि पाठोपाठ पावसाळा सरता सरता इन्फ्लुएंझाची साथ आली, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा भाग त्या साथीत देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी एक होता. घरेच्या घरे बसली आणि असंख्य मुले उघड्यावर पडली. त्या हंगामात एखाद्या घरात अचानक एक तान्हे मूल दिसू लागले, तर गावात कोणी प्रश्न विचारला नसता. कोणा नातलगाचे उरलेले पोर आणले असेल, असेच सगळ्यांनी धरले असते. कॅन्ससच्या कथेत मूल लपवण्यासाठी लेखकांना नाना युक्त्या कराव्या लागल्या. येथे ते काम इतिहासाने करून ठेवले आहे.

एक खुलासा: आर्वी तेव्हा वऱ्हाडात नव्हती, वर्धा नदीच्या पूर्वेकडच्या मध्य प्रांतात होती. नदी ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे कागदोपत्री निजामाचा मुलूख लागे. आपला नायक एका उडीत दोन राज्ये ओलांडत होता, हेही ध्यानात ठेवावे.

आणि आता मुख्य मुद्दा. हा मुलगा अठरा वर्षांचा होतो ते साल 1936. त्याच वर्षी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले, ज्याचे पुढे सेवाग्राम झाले. मिलरचा सुपरमॅन स्टालिनच्या सावलीत वाढला. आपला सुपरमॅन त्या माणसाच्या हाकेच्या अंतरावर वाढतो, जो म्हणतो की हात उगारायचाच नाही. पृथ्वीवरचा सर्वांत बलवान तरुण सूत कातायला बसला आहे आणि त्याच्या बोटांत धागा सारखा तुटतो आहे, हे चित्र मला दिसते. यात बदल किती झाले? एकच: यान येथे पडले.

सरकी

मास्तर, धागा तुटणे हेच पहिल्या अंकाचे मुखपृष्ठ असू द्या. एरवी मुखपृष्ठावर तो मोटार उचलून आपटत असतो.

आष्टीचा

इतका वेळ वाचत होतो. आता बोलणे भाग आहे, कारण ही कथा 1936 वर थांबणार नाही हे दिसते. सहा वर्षांनी 16 ऑगस्ट 1942 येते. त्या दिवशी आमच्या आष्टीत आणि तिकडे चिमूरला काय झाले, ते या भागातल्या वाचकांना सांगायला नको. तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकून पेटलेली माणसे पोलीस ठाण्यावर झेंडा लावायला गेली, गोळीबार झाला, गावकरी पडले, पोलीसही मारले गेले. तुमचा नायक तेव्हा चोवीस वर्षांचा असेल आणि आर्वीहून आष्टी त्याला एका उडीची. तो आला तर गोळ्या त्याच्या छातीवर आपटून पडतील आणि आमच्या हुतात्म्यांची गरजच उरणार नाही. तो आला नाही तर तो कसला नायक? दोन्हीकडून अपमान आमच्याच माणसांचा होतो. स्टालिन कोणाचा आजोबा नव्हता, म्हणून ‘रेड सन’ मजेत वाचता येते. आमच्या गावातल्या स्मारकावरची नावे आजही घराघरांतली आडनावे आहेत.

झाडीपट्टीकर

आष्टीकरांशी मी सहमत आहे. युक्रेनच्या शेतावरची माणसेही कोणाची तरी आजोबा होती, एवढे जोडतो.

सरकी

हा पेच नवा नाही, तो खुद्द सुपरमॅनच्या लेखकांपुढे महायुद्धात उभा राहिला होता. 1940 मध्ये, अमेरिका युद्धात उतरण्याआधी, ‘लुक’ या नियतकालिकासाठी सीगल आणि शूस्टर यांनी दोन पानांची कथा केली. तीत सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन या दोघांना मानगुटीला धरून जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे नेऊन उभे करतो. दोन पानांत युद्ध खलास. पुढे अमेरिका खरोखर युद्धात गेली, वाचकांच्या घरची मुले मरू लागली, तेव्हा असली कथा लिहिणे अशक्य झाले. मग 1942 च्या वर्तमानपत्री चित्रपट्टीत त्यांनी वेगळी वाट काढली. क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, सैन्यात भरती व्हायला जातो, दृष्टी तपासताना चुकून त्याची नजर भिंतीपार शेजारच्या खोलीतल्या तक्त्यावर पडते, तो तीच अक्षरे वाचून दाखवतो आणि दृष्टिदोषाखाली नापास होतो. युक्ती बालिश आहे, पण तिच्यामागचा संकोच मला खरा वाटतो. जे मरत होते त्यांच्या जागी आपला रंगीत माणूस उभा करायचा नाही, हे त्यांना कळले होते.

बरडातला वाचक

आष्टीकर, आपला आक्षेप मी दोन दिवस घोळवला आणि मान्य केला. कथा 1936 च्या पुढे जाणार नाही. शेवटच्या पानावर मुलगा वर्ध्याच्या रस्त्याला लागेल, पायी, आणि तेथेच अंक संपेल. पुढचे ज्याने त्याने आपल्या मनात वाचावे. आष्टीत एक वाचतील, चिमूरला दुसरे.

वडिलांच्या प्रश्नाचे उत्तरही त्यामुळे बदलले. मुलगा अठरा वर्षे घरच्या वावरातच राबतो. त्याचे नाव दगडू ठेवले आहे. साथीत आधीची लेकरे गेलेल्या घरात पुढचे मूल जगावे म्हणून असेच नाव ठेवत, आणि तो खरोखर दगडासारखा आकाशातून आला होता, हा योगायोग फक्त आईबापांना ठाऊक. चुकून नांगराचा फाळ मोडू नये म्हणून त्याला हात आखडून काम करायला शिकवणारा त्याचा बाप हाच माझ्या मते या कथेचा नायक आहे. सूत कातण्याआधी मुलाने संयम तेथे शिकलेला असणार.

मुलीने पहिल्या पानाची चित्रे काढून दिली. कपाशी फुटलेली आहे, तासांच्या मधोमध यान रुतले आहे, ते झाडांत पूर्ण झाकले गेले आहे आणि वेचणीला आलेल्या बाईला रडणे ऐकू येते. चित्र मी वडिलांना दाखवले. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “दुष्काळाच्या सालची पऱ्हाटी एवढी उंच कुठं असते? गुडघ्याएवढी असनं जास्तीत जास्त.”

म्हणणे बिनतोड होते. मुलीने पऱ्हाट्या गुडघ्याएवढ्या केल्या, तर यान थेट धुऱ्यावरून दिसू लागले. म्हणजे दिवसा ते तसेच ठेवता येणार नाही, अंधार पडताच हलवावे लागेल. हलवायचे तर बंडी लागेल. दुष्काळात या घरचा एक बैल विकला गेलेला आहे, म्हणून बंडी आणि जोडी शेजाऱ्याकडे मागावी लागेल, आणि रात्री कशाला पाहिजे, असे शेजारी विचारल्याशिवाय राहणार नाही. जो शेजारी आमच्या कथेत कुठेच नव्हता, त्याला आता पहिल्या पानापासून सगळे ठाऊक आहे. पान पुन्हा काढायला घेतले आहे. शेजाऱ्याने अठरा वर्षे तोंड बंद का ठेवले असावे, हे कोणाला सुचत असल्यास कळवावे.

सेतूवाला

शेजारीच कोतवाल असेल तर?